दहा आकडी नंबर आपला कसा झाला

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात कुणी नवीन जॉइन झालं, की पहिल्या आठवड्यातच एक प्रश्न येतो. "इथे कुणाची रेंज चांगली आहे?" मग चार जण चार उत्तरं देतात. एक म्हणतो अमुक घे, दुसरा म्हणतो ते लिफ्टजवळ मरतं, तिसरा म्हणतो कॉल ठीक आहे पण कस्टमर केअर ढिम्म आहे. प्रत्येक जण आपापल्या खुर्चीपुरता बरोबर असतो.

माझं काम सॉफ्टवेअरचं. एखादी सिस्टीम विचित्र वागत असेल तर आम्ही आधी तिचा इतिहास बघतो, कुठला बदल कधी आणि का झाला ते. मोबाइल नेटवर्कच्या बाबतीत मी तेच करायला गेलो आणि लक्षात आलं, की तुमच्या घरात कुणाची रेंज येते याचं बरंचसं उत्तर १९९५ च्या आसपास लिहिलं गेलं आहे. आणि "आवडलं नाही तर पोर्ट करू" हे आपण आज सहज म्हणतो, तो हक्क मिळायला मोबाइल आल्यानंतरही पंधरा वर्षं लागली.

अर्ज करा आणि वाट बघा

भारतात टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली ती जानेवारी १८८२ मध्ये, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या तीन शहरांत, आणि तीही एका खासगी कंपनीची. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या शहरांतले टेलिफोन सरकारच्या ताब्यात आले आणि मग जवळपास पन्नास वर्षं देशात फोन म्हणजे सरकारी खातं. १९८६ मध्ये मुंबई आणि दिल्लीसाठी एमटीएनएल वेगळी झाली, पण मालक तोच राहिला.

या काळात "कोणतं नेटवर्क घेऊ" हा प्रश्नच अस्तित्वात नव्हता. प्रश्न एवढाच, की मिळणार कधी. अर्ज करायचा आणि यादीत नाव यायची वाट बघायची. जास्त पैसे आधी भरणाऱ्यांसाठी "ओन युअर टेलिफोन" नावाची वेगळी रांग होती, तीही लांबच. १९९१ मध्ये देशात शंभर माणसांमागे एक फोनसुद्धा नव्हता. माझी आजी सांगते, चाळीत एका घरी फोन होता आणि त्या घरातल्या पोराचं निम्मं बालपण "तुमचा फोन आलाय" सांगत जिने चढण्यात गेलं.

परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे वर्ग. थेट डायल करून दुसऱ्या शहरात बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, पहिल्यांदा सुरू झाली ती २५ नोव्हेंबर १९६० रोजी, कानपूर आणि लखनौ यांच्यात. ही तारीख लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

कस्टमर केअर म्हणजे लाइनमन. लाइन बंद पडली, की तो येईल तेव्हा सुरू होणार. त्याला दिवाळीची पोस्त द्यायची, कारण दुसरीकडे जायला दुसरीकडे असं काही नव्हतंच. खात्यातली माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. लाइनी कमी, मागणी प्रचंड आणि गिऱ्हाईक कुठेही जाणार नाही याची खात्री. अशा ठिकाणी कुणीही बसवलं तरी असंच झालं असतं.

या चित्राला पहिला धक्का दिला तो १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने. सॅम पित्रोदा यांचं नाव या संस्थेशी जोडलं जातं ते बरोबरच आहे. धूळ, उकाडा आणि एसी नसलेली खोली यांत टिकतील अशी छोटी डिजिटल एक्स्चेंज त्यांनी इथेच बनवली. त्यातून खेड्यांत एक्स्चेंज पोचली आणि गल्लोगल्ली एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड लागले. घरात फोन नसला तरी कोपऱ्यावर आला. पण निवड अजूनही नव्हती.

दोन कंपन्या आणि एक नकाशा

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला. भारतातला हा पहिला मोबाइल कॉल मानला जातो. चार महानगरांत प्रत्येकी दोन कंपन्यांना परवाने मिळाले होते. मुंबईत त्या होत्या बीपीएल मोबाइल आणि मॅक्सटच चालवणारी हचिसन मॅक्स. तेव्हा मिनिटाचा दर गर्दीच्या वेळी १६ रुपयांच्या पुढे होता आणि फोन उचलणाऱ्यालाही पैसे पडायचे. त्यामुळे लोक स्क्रीनवर नाव बघायचे, कॉल कट करायचे आणि जवळच्या पीसीओवरून उलटा फोन लावायचे.

महानगरांनंतर बाकीच्या देशाचे तुकडे पाडले गेले. त्यांना "सर्कल" म्हणतात. महाराष्ट्र सर्कलमध्ये मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा. म्हणजे पणजी आणि गडचिरोली एका सर्कलमध्ये, पण मुंबई आणि पुणे वेगवेगळ्या. सुरुवातीच्या काळात मुंबईचं कार्ड घेऊन पुण्यात आलेला माणूस रोमिंगचे पैसे भरत असे तो यामुळे. महाराष्ट्र सर्कलमध्येही आधी दोनच खासगी कंपन्या होत्या. बिर्ला एटी अँड टी, जिची पुढे आयडिया झाली, आणि बीपीएलचीच दुसरी कंपनी. जुन्या नंबरांवर हा इतिहास अजून कोरलेला आहे. मुंबईत ९८२० आणि ९८२१, उरलेल्या महाराष्ट्रात ९८२२ आणि ९८२३. घरात कुणाचा नंबर यातल्या एखाद्याने सुरू होत असेल, तर तो बहुधा त्या पहिल्या पिढीतला आहे.

आता रेंजचा मुद्दा. सर्कलचे परवाने देताना कंपन्यांवर अट होती, की पहिल्या वर्षात १० टक्के आणि तीन वर्षांत ५० टक्के जिल्हा मुख्यालयं कव्हर करा. जिल्ह्याच्या गावाऐवजी दुसरं शहर घेतलं तरी चालेल. नीट वाचा. अट शहरांची होती, खेड्यांची नव्हती. त्यात परवान्यासाठी कंपन्यांनी भरमसाट बोली लावल्या होत्या आणि ती फी भरता भरता त्यांची दमछाक होत होती. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक फीऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली तेव्हा त्या तगल्या. हातात पैसे कमी आणि अट फक्त शहरांची, तर टॉवर कुठे उभे राहणार? शहरात, मग हायवेवर, मग बाजाराच्या गावात.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, डोंगरउतारावर. लहानपणी मे महिन्यात गेलो की मोठी माणसं संध्याकाळी फोन घेऊन सड्यावर चढायची, कारण रेंज फक्त तिथे यायची. मला तेव्हा ते निसर्गाचं काहीतरी वाटायचं, डोंगर आडवा येतो वगैरे. डोंगर आडवा येतोच. पण डोंगराच्या अलीकडे टॉवर का नव्हता, याचं उत्तर परवान्याच्या अटीत होतं.

दुसरी एक गोष्ट तेव्हा ठरली, ती फ्रिक्वेन्सीची. पहिल्या कंपन्यांना ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी मिळाल्या, नंतर आलेल्या बऱ्याच जणांना १८०० च्या. कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि भिंतींतून आत शिरते. जास्त फ्रिक्वेन्सीवर डेटा भरपूर वाहतो, पण टॉवर जवळजवळ लागतात. म्हणजे आधी आलेल्याला तेवढ्याच टॉवरांत जास्त गावं मिळाली. पुढे लिलाव झाले, लहरींची अदलाबदल झाली, २०२२ च्या लिलावात जिओने ७०० मेगाहर्ट्झही घेतलं. पण "जाड भिंतींच्या घरात हिचंच नेटवर्क येतं" अशा ज्या गोष्टी लोक अनुभवाने सांगतात, त्यामागे अनेकदा हे साधं भौतिकशास्त्र असतं.

गर्दी आणि कुलूप

२००२-०३ ही वर्षं या गोष्टीतला खरा कलाटणीचा बिंदू. ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा सुरू झाली. डिसेंबरमध्ये रिलायन्स इन्फोकॉम आली आणि पुढच्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हँडसेट द्यायला लागली. १ मे २००३ पासून फोन करणाऱ्यानेच पैसे भरायचे असा नियम आला आणि इनकमिंग फुकट झालं. मिस्ड कॉल ही आपली राष्ट्रीय भाषा झाली ती यानंतरच. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा असा हिशेब आणला आणि सगळ्यांना मागोमाग तेच करावं लागलं. तोवर एकेका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या झाल्या होत्या.

एवढी निवड असूनही लोक हलत नव्हते. कारण नंबर. कंपनी बदलायची तर नंबर बदलायचा. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, रिक्षाच्या मागे, शाळेच्या फॉर्मवर असलेला नंबर कोण बदलणार? सीडीएमए फोनवाल्यांची अवस्था आणखी बिकट होती, कारण तिथे हँडसेटच कंपनीला बांधलेला. रांग संपली होती, पण दाराला कुलूप होतं. कंपनीला माहीत होतं, की हा माणूस चिडेल, ओरडेल, पण जाणार नाही. लाइनमनच्या काळातली तीच खात्री नव्या कपड्यांत परत आली होती.

२५ नोव्हेंबर, पुन्हा

नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय सिंगापूरमध्ये १९९७ पासून होती. अमेरिकेत ती २००३ मध्ये आली. आपल्याकडे ट्रायने २००६ मध्ये शिफारस केली, २००९ मध्ये नियम केले, आणि मग तारीख पुढे पुढे जात राहिली. अखेर २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात ती सुरू झाली. पहिल्या एसटीडी कॉलला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती. २० जानेवारी २०११ पासून ती देशभर आली आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल बदललं तरी नंबर नेता येऊ लागला.

आतून हे कसं चालतं ते मला फार आवडतं. पूर्वी नंबरच्या पहिल्या आकड्यांवरून कळायचं, की कॉल कुणाकडे पाठवायचा. पोर्टिंग आल्यावर ते आकडे निव्वळ आठवण म्हणून उरले. आता कॉल जोडण्याआधी डेटाबेसमध्ये बघितलं जातं, की हा नंबर सध्या कुणाकडे आहे. उत्तर म्हणून एक राउटिंग नंबर मिळतो आणि कॉल त्या दिशेने जातो. तुम्ही हिरवं बटण दाबल्यापासून रिंग वाजेपर्यंतच्या क्षणात हे होऊन जातं. नाव आणि पत्ता वेगळे करणं ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. इथे तिच्यामुळे नंबर कंपनीचा न राहता वापरणाऱ्याचा झाला. माझ्या बाबांचा ९८२२ वाला नंबर आज तिसऱ्या कंपनीत आहे आणि त्यांच्या मित्रांना याचा पत्ताही नाही.

या सोयीची खरी परीक्षा कंपन्या बुडू लागल्या तेव्हा झाली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २जी प्रकरणात १२२ परवाने रद्द केले. मुंबईतली पहिल्या दोघांपैकी एक असलेली बीपीएल तोवर लूप झाली होती. तिचा परवाना नोव्हेंबर २०१४ मध्ये संपला आणि लाखो मुंबईकरांना घाईघाईने पोर्ट व्हावं लागलं. २०१८ मध्ये एअरसेलचं नेटवर्क अनेक ठिकाणी अचानक बंद पडलं. पोर्टसाठी एसएमएस पाठवायचा, पण नेटवर्कच नाही तर एसएमएस जाणार कुठून? सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर दरयुद्धात बाकीचे एकेक करून गेले. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, २०१९ मध्ये टाटांचा मोबाइल व्यवसाय एअरटेलमध्ये गेला. दहा-बाराचे आता तीन खासगी आणि एक सरकारी उरले आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी जवळपास एकाच वेळी दर वाढवले. तेव्हा काही महिने लाखो लोक बीएसएनएलकडे वळले, पण तिथे ४जी अजून पसरलेलं नव्हतं. पोर्ट होण्याचा हक्क होता, पण जायला जागा अपुरी होती.

"आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे"

हा मेसेज तुम्हालाही आला असेल. मला एका कंपनीकडून तो एका महिन्यात तीनदा आला, आणि तिन्ही वेळा घरातली रेंज होती तशीच होती. तेव्हा मी शोधलं, की याच्या पुढे काय करता येतं.

ट्राय १९९७ च्या कायद्याने आली, पण ती एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. ती नियम करते. २०१५ मध्ये तिने एक नियम केला होता, की कॉल ड्रॉप झाला तर ग्राहकाला एक रुपया परत द्या, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. ट्रायच्याच निकषात दोन टक्क्यांपर्यंत कॉल ड्रॉप चालतात, मग प्रत्येक ड्रॉपसाठी कंपनी दोषी कशी, हा त्यातला एक मुद्दा. ग्राहक म्हणून निकाल बोचतो, पण मुद्दा खोडायला सोपा नाही.

दुसरी लढाई ग्राहक मंचांची. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे टेलिफोनच्या बिलांचे वाद ग्राहक मंचाबाहेर गेले. आधार होता जुन्या टेलिग्राफ कायद्यातल्या लवादाच्या तरतुदीचा. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं, की ग्राहकाला मंचाकडे जाता येतं. मधली तेरा वर्षं अनेकांना दारातूनच परत पाठवलं गेलं. आज ते दार उघडं आहे, आणि फार कमी जणांना माहीत आहे.

त्याआधीची पायरी सोपी आहे. तक्रार १९८ वर नोंदवायची आणि डॉकेट नंबर लिहून ठेवायचा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करायचं. त्याला पैसे लागत नाहीत. डॉकेट नंबर नसेल तर पुढचं काहीच होत नाही, म्हणून फोन ठेवण्याआधी तो मागून घ्या.

मग घ्यायचं कुठलं?

कंपनीचं नाव मी सांगणार नाही, कारण माझ्या खुर्चीचं उत्तर तुमच्या पलंगाला लागू नाही. पण वरच्या इतिहासातून निवडण्याची एक पद्धत नक्की निघते.

आधी आपल्या चार जागा ठरवा. झोपायची खोली, कामाची जागा, रोजचा रस्ता आणि गाव. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर टाकावे लागतात. ते बघा, पण नकाशावर रंग आहे म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात रेंज आहे, असं नाही. त्यासाठी त्या कंपनीचं स्वस्त प्रीपेड कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये महिनाभर टाकून बघा. चारही जागी, कॉलही आणि डेटाही, गर्दीच्या वेळी. पटलं तर मगच जुना नंबर तिकडे न्या.

आईवडिलांकडे साधा बटणांचा जुना फोन असेल तर लक्षात घ्या, की जिओचं २जी नेटवर्क नाही. तिथे ४जी चालणारा फोनच लागेल. पोर्ट करण्याआधी पोस्टपेडचं बिल भरा आणि प्रीपेडचा बॅलन्स संपवा, तो बरोबर येत नाही. नंबर सध्याच्या कंपनीत ९० दिवस जुना असावा लागतो. सिम बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. पोर्ट लिहून, एक जागा सोडून, आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस केला की कोड येतो. तो आपल्याकडे चार दिवस चालतो. सर्कलमधल्या सर्कलमध्ये काम साधारण तीन कामाच्या दिवसांत होतं. बँकेचं काही महत्त्वाचं असेल तर ते दिवस टाळा, कारण ओटीपी याच नंबरावर येतात. "सोडू नका, खास ऑफर देतो" असा फोन मधेच आला, तर पहिल्यांदाच कुणीतरी तुमचं नीट ऐकतंय एवढं समजा.

आणि गावाचं काय? पोर्ट होण्याचा हक्क तिथे उपयोगाचा, जिथे दोन टॉवर आहेत. बाजार जिथे जात नाही तिथे टॉवर उभारायला कंपन्यांच्या उत्पन्नातून एक निधी साठवला जातो. आधी त्याचं नाव यूएसओ फंड होतं, आता डिजिटल भारत निधी आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने २४,६८० वंचित गावांत ४जी पोचवण्याची योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलला दिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या ४जीचं देशव्यापी उद्घाटन झालं. ते तंत्रज्ञान देशी आहे आणि ते बनवणाऱ्यांत सी-डॉटही आहे, तीच १९८४ ची सी-डॉट.

माझ्या मते पुढच्या काही वर्षांत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच असेल. तिकडचं नेटवर्क चांगलं चाललं, तर गावाला पहिला टॉवर मिळेल आणि शहरातल्या आपल्याला चौथा खरा पर्याय. चाललं नाही, तर तीनच उरतील, आणि गिऱ्हाईक कुठे जाणार नाही हे त्या तिघांनाही ठाऊक असेल.